वेचणीचे बारा दिवस

दिवाळीची सुटी संपून शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत प्रकाशाच्या अपवर्तनाचे प्रयोग दाखवण्यासाठी मी गेलो होतो. आठवीच्या पटावर ४१ मुले. समोर बसलेली २२. वर्गशिक्षकांना विचारले, "गावात तापाची साथ वगैरे आहे काय?" ते म्हणाले, "साथ नाही सर, दुसरा वेचा आला आहे. बारा-पंधरा दिवसांनी येतील सगळी."

परतताना एस.टी.च्या खिडकीतून दोन्ही बाजूंना पांढरी झालेली पऱ्हाटी दिसत होती आणि तीत कमरेला ओटी बांधून वेचणारी माणसे. त्यांतील काहींची डोकी पऱ्हाटीच्या वर येत नव्हती. माझ्या मनात मात्र ते वाक्य घोळत राहिले. मुले वर्षभर शेतात लागत नाहीत. बारा-पंधरा दिवस लागतात. मग हे बारा दिवस टाळता येतील काय? प्रश्न वरवर पाहता समाजशास्त्राचा. परंतु तो सोडवायला आलेखाचा कागद आणि दहावीपर्यंतचे बीजगणित पुरते. आज आपण तेच करून पाहणार आहोत.

आधी या प्रश्नाचा आकार लक्षात घ्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२४ साली जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत होती. त्यांपैकी ६१ टक्के शेतीत. कारखाना, हॉटेल, वीटभट्टी ही नावे आपल्याला चटकन सुचतात. पण मोठा आकडा शेताचा आहे, आणि त्यात स्वतःच्या घरच्या शेतावर राबणारी मुले पुष्कळ असतात. भारतातील सुमारे ८६ टक्के शेतकऱ्यांकडे दोन हेक्टरांपेक्षा, म्हणजे पाच एकरांपेक्षा कमी जमीन असल्याचे २०१५-१६ च्या कृषिगणनेत आढळले. तेव्हा आपले उदाहरणही पाच एकरांचेच घेऊ.

समजा, एक कुटुंब आहे. आई, वडील, आठवीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. पाच एकर काळी कोरडवाहू जमीन. सगळ्या जमिनीत कापूस. आता वर्षभरात या शेतावर एकंदर किती काम पडते? एका मोठ्या माणसाचे एका दिवसाचे काम म्हणजे एक 'मनुष्यदिवस' असे एकक धरू. पेरणी, खतपाणी, दोन निंदण्या, तीन वेचे आणि शेवटी पऱ्हाटी उपटणे हे सारे धरून बेरीज दोनशे ते अडीचशे मनुष्यदिवसांच्या आसपास जाते. आई-वडील मिळून वर्षाला तीनशे दिवस राबले तरी सहाशे मनुष्यदिवस होतात. म्हणजे हातात असलेले बळ गरजेच्या दुपटीहून अधिक! मग मुलांची गरज पडते कशाला?

येथे आपला नेहमीचा ऊर्जा आणि शक्ती यांतील फरक आठवा. एका गावाला दिवसभरात लागणारी वीज आणि सायंकाळी सात वाजता लागणारी वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ऊर्जा, दुसरी शक्ती. रोहित्र जळते ते दिवसभराच्या बेरजेने नव्हे, सायंकाळच्या शिखराने. शेताचेही तसेच आहे. कामाची वार्षिक बेरीज कुटुंबाला सहज पेलते; पण ते काम वर्षभर सारखे पसरलेले नसते. क्ष-अक्षावर वर्षाचे आठवडे आणि य-अक्षावर दर आठवड्याला लागणारे मनुष्यदिवस घेऊन आलेख काढला, तर सपाट मैदानात दोन-तीन सुळके उभे राहिलेले दिसतात. एक जुलैत निंदणाचा, दुसरा नोव्हेंबरात वेचणीचा. मुलांना शाळेतून ओढतात ते हे सुळके.

वेचणीचा सुळका इतका उंच का? एका एकरात सहा क्विंटल कापूस निघतो असे धरा. त्यातला निम्मा, म्हणजे तीन क्विंटल, दुसऱ्या वेच्याला येतो. फुटलेले बोंड फार दिवस झाडावर ठेवता येत नाही. अवकाळी पाऊस आला तर कापूस भिजतो, पिवळा पडतो, खाली गळून त्याला माती-पाला चिकटतो आणि भाव उतरतो. तेव्हा हा वेचा बारा दिवसांत उरकायचा. एक माणूस दिवसाला २५ किलो वेचतो असे मानले तर एकरी ३०० ÷ २५ = १२ मनुष्यदिवस लागतात. पाच एकरांना ६०. दोन माणसांचे बारा दिवस म्हणजे २४. तूट ३६ मनुष्यदिवसांची. ही तूट मजुरांनी भरून काढावी म्हटले, तर त्याच बारा दिवसांत साऱ्या गावाचा कापूस फुटलेला असतो.

हे आणि पुढचे आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत. जमीन, बियाणे, पाऊस यांप्रमाणे ते बदलतात. तुमच्या घरचे आकडे निराळे असतील. रीत मात्र तीच राहील.

आता दुसरे पीक आणू. सोयाबीन जूनअखेर पेरले की शंभर-एकशेदहा दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सोंगणीला येते. तेही फार थांबत नाही. उशीर झाला की शेंगा तडकून दाणे जमिनीवर सांडतात. पण त्याची घाई दसऱ्याच्या सुमारास असते आणि कापसाची दिवाळीनंतर. दोन सुळके, पण वेगवेगळ्या जागी.

कापसाखालचे क्षेत्र 'क' एकर आणि सोयाबीनखालचे 'स' एकर असे मानू. सगळे काम आई-वडिलांनीच करायचे ही आपली अट. मग चार मर्यादा अशा पडतात :

जमीन : क + स ≤ ५
निंदण, जुलैतील पंधरा दिवस, ३० मनुष्यदिवस. कापसाला एकरी ७, सोयाबीनला ५ : ७क + ५स ≤ ३०
सोयाबीनची सोंगणी, दहा दिवस, २० मनुष्यदिवस. एकरी ६ : ६स ≤ २०
दुसरा वेचा, बारा दिवस, २४ मनुष्यदिवस. एकरी १२ : १२क ≤ २४

आलेखाच्या कागदावर क आणि स हे दोन अक्ष घेऊन या चार रेषा काढा. शेवटची सांगते की क दोनच्या पलीकडे जाऊ शकत नाही. तिसरी सांगते की स साडेतीनच्याही आतच, ३⅓ वर थांबतो. पहिली रेषा वरचा उजवा कोपरा तिरका कापते. दुसरी, निंदणाची रेषा, थोडी बाहेरून निघून जाते, म्हणजे ती मर्यादा येथे नडत नाही. उरलेल्या बहुभुजाकृतीतील प्रत्येक बिंदू म्हणजे पिकांची अशी एक आखणी, की जिच्यात एकाही आठवड्यात मुलांच्या हातांची गरज नाही. मला स्वतःला ही आकृती फार आवडते. वर्गात मी ती रंगवायला लावतो.

या क्षेत्रातील कोणता बिंदू निवडायचा? जेथे मिळकत जास्त तो. कापूस एकरी ६ क्विंटल, भाव ७,५०० रुपये, म्हणजे ४५,००० रुपये. बियाणे, खते, फवारणी, वाहतूक यांचे २१,००० वजा करून २४,००० उरले. सोयाबीन एकरी ७ क्विंटल, भाव ४,५००, म्हणजे ३१,५००. खर्च १४,०००, उरले १७,५००. (२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि सोयाबीनला ५,३२८ रुपये आधारभूत भाव जाहीर केला होता. पण सगळा माल त्या भावाने जातोच असे नाही, म्हणून मी हात आखडता घेतला आहे.) मिळकत = २४,०००क + १७,५००स.

अशा प्रश्नाचे उत्तर क्षेत्राच्या एखाद्या कोपऱ्यावरच सापडते, हे एक सुंदर प्रमेय आहे. त्यामुळे असंख्य बिंदू तपासावे लागत नाहीत. कोपरे तपासू. क = २, स = ० : ४८,०००. क = ०, स = ३⅓ : सुमारे ५८,३००. क = १⅔, स = ३⅓ : सुमारे ९८,३००. आणि क = २, स = ३ : ४८,००० + ५२,५०० = १,००,५०० रुपये. हाच सर्वांत वरचा. पाचही एकर पेरलेले, आणि दोन माणसांत सारे काम बसलेले.

या रीतीला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. बारावीच्या गणितात ती तुम्हांला भेटेल. रशियन गणितज्ञ कांटोरोविच यांनी १९३९ साली प्लायवूड कारखान्यांच्या यंत्रांवर कामाची वाटणी कशी करावी या प्रश्नातून ती उभी केली. अमेरिकेत डँट्झिग यांनी १९४७ मध्ये अनेक चलांचे प्रश्न सोडवण्याची 'सिम्प्लेक्स' ही पद्धत दिली. कांटोरोविच यांना पुढे १९७५ साली कूपमन्स यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या महाविद्यालयात ही रीत शिकवताना खुर्च्या आणि टेबले बनवणाऱ्या कुण्या सुताराचे उदाहरण वर्षानुवर्षे देतात. कापसाच्या मुलखात कापसाचे उदाहरण का देत नाहीत, कोण जाणे!

आता खरी परीक्षा. सगळा कापूस लावून मुलांना कामाला जुंपले तर मिळकत ५ × २४,००० = १,२०,००० रुपये. आपली आखणी १,००,५०० ची. म्हणजे १९,५०० रुपये कमी. मुलांना शाळेत ठेवून तूट मजुरांनी भरून काढली तर? तीनही वेच्यांत आई-वडिलांच्या हाताबाहेर राहणारा कापूस १,२०० किलो होतो. किलोला १० रुपये वेचाई धरली तर १२,०००. निंदणाचे आणखी १,५००. उरले १,०६,५००. कागदावर ही रक्कम आपल्या आखणीपेक्षा ६,००० ने जास्तच आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फक्त ते मजूर ऐन वेळी मिळाले पाहिजेत.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांना मी हे सारे दाखवले तेव्हा ते म्हणाले, "गणित बरोबर आहे सर. पण एकोणीस हजार म्हणजे माझे पुढच्या वर्षीचे बी-खत. ते कोठून आणू?" हा प्रश्न टाळून पुढे जाणारी कोणतीही आखणी शेतकरी स्वीकारणार नाही, आणि का स्वीकारावी?

त्याचे एक उत्तर तुरीत आहे. सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीच्या एक-दोन ओळी पेरण्याची पद्धत तुम्ही पाहिली असेल. सोयाबीन निघून गेले की तुरीला मोकळी जागा, ऊन आणि खोलवरची ओल मिळते. तिची मुळे खोल जातात, आणि ती कापायला येते डिसेंबरअखेर-जानेवारीत, कामाच्या आलेखात जेथे खड्डा आहे तेथे. समजा, तुरीमुळे सोयाबीन एकरी ७ ऐवजी ६ क्विंटल झाले आणि तूर एकरी दीड क्विंटल मिळाली. तीन एकरांत १३,५०० चे सोयाबीन गेले. ७,००० भावाने ३१,५०० ची तूर आली. जादा खर्च ३,०००. निव्वळ वाढ १५,०००. एकूण १,१५,५००. मजूर लावून केलेल्या सगळ्या कापसाला या आखणीने मागे टाकले, आणि मुलांना राबवून मिळणाऱ्या रकमेशी अंतर उरले ४,५०० रुपयांचे.

ते ४,५०० मी शून्य करून दाखवू शकलो असतो. आकडे माझेच आहेत! पण त्यापेक्षा भाव हलवून पाहणे अधिक उपयोगाचे. कापसाचा भाव हजार रुपयांनी उतरला तर एकरी मिळकत २४,००० वरून १८,००० वर येते. मुलांना राबवूनही सगळ्या कापसाचे ९०,००० च होतात; आपल्या आखणीचे ३६,००० + ५२,५०० + १५,००० = १,०३,५००. भाव हजाराने चढला तर उलट : १,५०,००० विरुद्ध १,२७,५००. यातून एक गोष्ट ध्यानात येते, जी मला आधी सुचली नव्हती. पिकाला चांगला भाव मिळाला म्हणजे मुले आपोआप शाळेत जातील असे आपण धरून चालतो. पण भाव चढला की वेचणाऱ्या प्रत्येक हाताची किंमतही चढते, मग तो हात तेरा वर्षांचा का असेना. २०२२ च्या सुरुवातीला कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. तशा वर्षी वर्गशिक्षकांनी हजेरीपत्रकाकडे अधिक बारकाईने पाहावे.

दुसरे उत्तर आहे सावडीचे, म्हणजे 'आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू' या जुन्या रिवाजाचे. पण सगळ्या गावात एकच पीक असेल तर सावड चालत नाही. सर्वांचे सुळके एकाच आठवड्यात येतात. भौतिकशास्त्राच्या भाषेत, सगळे तरंग समकलेत असतात आणि त्यांची बेरीज होऊन सुळका आणखी उंचावतो. काही शेतांत सोयाबीन-तूर जास्त, काहींत कापूस जास्त, असे झाले की कला बदलतात आणि एकाच्या शिखरावर दुसऱ्याचा खड्डा येतो. म्हणून ही आखणी एका घराने करण्यापेक्षा शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून केली तर तिची किंमत वाढते. निंदणासाठी सायकल कोळप्यासारखे हलके अवजार मिळून घेतले तर जुलैचा सुळकाही बुटका होतो.

पैशांच्या रकान्यात न बसणारी एक बाब मुद्दाम सांगतो. कापसावर कीटकनाशकांची फवारणी होते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते सारे प्रत्यक्ष फवारणीचे बळी; पण फवारलेल्या झाडांतून वावरणाऱ्यालाही औषध त्वचेतून लागते. आता क्षेत्रफळ आणि घनफळ यांचा संबंध आठवा. आकार सारखा ठेवून वस्तू लहान केली की घनफळ घनाने कमी होते, पृष्ठभाग वर्गानेच. ६० किलोंच्या माणसाच्या तुलनेत ३० किलोंच्या मुलाला दर किलो वजनामागे त्वचेचे क्षेत्रफळ २ च्या घनमुळाइतके पट, म्हणजे सुमारे सव्वापट असते. तेवढ्याच ओल्या पानांतून गेलेल्या मुलाच्या शरीरात दर किलोमागे विष अधिक भिनते.

कायदा काय म्हणतो तेही ठाऊक असू द्या. बालमजुरीविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. घरच्यांना मदत करण्याची मुभा आहे, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, आणि धोक्याचे काम नसेल तर. सायंकाळी गोठ्यात वैरण टाकणारा मुलगा आणि बारा दिवस शाळा बुडवून वेचणारी मुलगी यांत हा फरक आहे. आठवीच्या बीजगणितात अवयव पाडणे ज्या आठवड्यात शिकवले, तो आठवडा बुडाला की दहावीचे वर्गसमीकरण डोक्यावरून जाते. शिक्षकांना हे सांगायला नको.

आता तुमचे काम. आलेखाच्या कागदावर जूनपासून पुढे ५२ आठवड्यांच्या पट्ट्या आखा. घरी किंवा शेजारी बसून विचारा : कोणत्या आठवड्यात काय काम, किती माणसे, किती दिवस. पट्ट्या रंगवा आणि घरातील मोठ्या माणसांच्या बळाची आडवी रेषा ओढा. तिच्या वर डोकावणारा प्रत्येक तुकडा म्हणजे मजूर किंवा मूल. मग वरच्यासारख्या मर्यादा लिहून कोपरे काढा.

त्याच शाळेत पुन्हा गेलो तेव्हा मी हे फळ्यावर करून दाखवले. माझे झाल्यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमची आई दिवसाला वीसच किलो वेचते. पंचवीस नाही होत." मी म्हटले, "मग तूच सोडव." तिने ३०० ला २० ने भागले, एकरी १५ मनुष्यदिवस काढले आणि क ≤ १.६ लिहिले. सोयाबीन ३⅓. बेरीज केली, पाचातून वजा केली, चाळिसाने गुणली. पावणेतीन गुंठ्यांच्या आसपास जमीन उरली. तेथे काय लावायचे यावर वर्गात घंटा होईपर्यंत वाद चालला. बहुमत गवारीला पडले.